अळ्यांची बाई

शशी, तुझ्या शोकसभेत त्यांनी फुलपाखरं सोडली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही बोलता यायचं नाही.

आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. तुझा मोठा केलेला फोटो, त्याला हार, आणि समोर टेबलावर एक पांढरा पुठ्ठ्याचा खोका, सोनेरी रिबीन बांधलेला. मला वाटलं पेढेच आहेत की काय, यांचा काही नेम नाही. सेक्रेटरी उभा राहिला. तोच तो, ज्याला तू 'आपले मुख्यमंत्री' म्हणायचीस. घसा खाकरून म्हणतो, "शशीताई गेल्या नाहीत. शशीताईंनी कोश सोडला आणि आज त्या फुलपाखरू होऊन मुक्त विहार करत आहेत." मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तुझा दादा माझ्या शेजारी मान खाली घालून बसलेला. मी तुझ्या फोटोकडे बघितलं. बँकेच्या रांगेत कुणी मध्ये घुसल्यावर तुझा चेहरा व्हायचा ना, अगदी तसा दिसत होता.

मग रिबीन सुटली. आत कागदाच्या छोट्या पुड्या आणि प्रत्येक पुडीत एकेक फुलपाखरू, पंख मिटवून दाबून बसवलेलं. सेक्रेटरीच्या भाच्याचा इव्हेंटचा धंदा आहे, लग्नात नवरा-नवरीवर सोडतात म्हणे. बर्फात ठेवून आणतात, म्हणजे वाटेत फडफडत नाहीत. सगळ्यांच्या हातात पुड्या दिल्या आणि 'वन, टू, थ्री' म्हणून उघडायला लावल्या. चार-दोन उडाली ती ट्यूबलाइटवर आपटली. एक पंख्यात गेलं. बाकीची सतरंजीवर पडून पाय हलवत राहिली. समोरच्या विंगमधल्या काकूंच्या चहात एक पडलं, तर त्यांनी ते बोटाने काढून बाजूला टाकलं आणि चहा पिऊन घेतला. शी! आणि मग सगळे सतरंजी तुडवत आपापल्या चपलांकडे गेले. माझ्या पुडीतलं तर मेलेलंच होतं. मी ती तशीच मिटली आणि घरी आणून कढीपत्त्याच्या ड्रममध्ये पुरली, मेलेली फुलपाखरं तू पुरायचीस तशी.

मला किळस आली, शशी. मला! अळ्यांच्या नावाने बोटं मोडून मोडून जिने तुला नको नको केलं, तिला चक्क फुलपाखरांची किळस आली. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

तू आमच्याकडे आलीस ती वागळे इस्टेटमधली नोकरी संपल्यावर. सगळा जन्म औषधाच्या गोळ्यांची पाकिटं तपासण्यात गेला, लग्न केलं नाहीस, ठाण्याची भाड्याची खोली पाडायला निघाली आणि तुझा दादा म्हणाला, "आता डोंबिवलीला ये." मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं. नणंद कायमची राहायला येणार म्हटल्यावर कुठल्या भावजयीच्या कपाळाला आठी पडत नाही? तरी मी आतली खोली रिकामी केली, नवे पडदे लावले. आणि तू काय केलंस? पहिल्याच पावसाळ्यात माझा कढीपत्ता बळकावलास.

तो कढीपत्ता माझा होता. हे मी तुझ्या तोंडावर म्हणत आले आणि तुझ्या माघारीही म्हणणार. विठ्ठलवाडीला माझ्या माहेरी मागच्या अंगणात झाड होतं, त्याच्या मुळाशी फुटलेलं पिल्लू आईने ओल्या फडक्यात गुंडाळून मला दिलेलं. ते अंगण गेलं, झाड गेलं, तिथे टॉवर उभा आहे, आईही नाही. निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये मी ते वाढवलं. फोडणीला चार पानं हवी असली तरी जून बघून तोडायचे, कोवळ्याला हात लावायचे नाही.

एक दिवस पोह्यांसाठी पानं तोडायला गेले तर एका पानावर पक्ष्याची शिट. पुसायला फडकं नेलं आणि ती शिट चालायला लागली. मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरून फोन आला, काय झालं म्हणून. पायातली स्लीपर काढून उगारली, तर मध्ये तुझा हात.

"वहिनी, मारायचं तर आधी माझ्या हातावर मार."

म्हटलं, ही काय नाटकं! स्लीपर खाली ठेवली, पण ते काही दयाबिया येऊन नाही. तुझ्या हाताला लागलं असतं तर तुझ्या दादाने मला जन्मभर ऐकवलं असतं म्हणून. पण त्यानंतर पुन्हा कधी उगारली नाही, हेही खरं.

मग सुरू झाली तुझी शिकवणी. कुणी मागितलेली? आधीच आमच्या घरात तुझ्या दादाचं पथ्यपाणी, मुलाचे अमेरिकेहून अवेळी येणारे फोन, त्यात ही तुझी अळ्यांची पोरं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! तू मला बळेबळे भिंग देऊन दाखवायचीस. अंडं मोहरीहून बारीक, पिवळट, कोवळ्या पानाच्या टोकाशी एकटं चिकटवलेलं. अळी बाहेर आली की पहिला घास स्वतःच्या अंड्याच्या टरफलाचा. मी म्हटलं, शी. मग ती खाते, फुगते, अंगाला कातडी पुरेना झाली की कात टाकते, आणि ती कातसुद्धा खाऊन टाकते. मी म्हटलं, "शशी, मी जेवतेय." तर तू म्हणालीस, "तीही जेवतेच आहे."

लहान असताना शिटेसारखी दिसते, कारण शिट कोण खाणार? मोठी झाली की हिरवीगार, बोटाएवढी, अंगावर खोटे डोळे. पाखराला वाटावं साप आहे. आणि जरा धक्का लागला की मानेतून लाल ओलं शिंग बाहेर काढते, दोन टोकांचं. त्याचा तो वास! नासलेलं लिंबू खवट लोण्यात कालवल्यासारखा. एकदा माझ्या बोटाला लागला तर मी तीन साबण बदलले. तू म्हणालीस, "वहिनी, तिच्याकडे दुसरं आहे काय? ना नांगी, ना विष. नुसती घाण वाटून घेते बिचारी आणि जीव वाचवते." मी म्हटलं, माझ्यावर पूर्ण परिणाम झालाय, तिला सांग, आता शिंग आत घे.

खाली फरशीवर दिवसभर काळ्या गोळ्या पडायच्या. झाडू मारला की पुन्हा तेवढ्याच. तू आयुष्यभर गोळ्या तपासल्यास, त्यामुळे तुला त्यांचं काही वाटत नसावं. रंग बघून सांगायचीस, ही बरी आहे, ही आजारी आहे. मी नाकाला पदर लावून ऐकायचे. हो, ऐकायचेच, आता कबूल करायला काय जातंय!

आणि कोशात जायच्या आधीचा तो प्रकार. तू म्हणायचीस, "पोट रिकामं करते." मी म्हणायचे, हागवण लागते म्हण की सरळ. फरशीवर हे एवढं ओलं डबकं करून ती झाड सोडायची आणि जागा शोधत घरभर फिरायची. अशीच एक फिरत फिरत माझ्या देव्हाऱ्याला येऊन लागली. चौकटीला शेपटी चिकटवली, कमरेभोवती दोरा ओढून घेतला आणि बसली. गणपती तोंडावर आलेले. मी म्हटलं, काढ हे. तू म्हणालीस, आता हलवलं तर मरेल. तुझा दादा म्हणाला, "राहू दे गं, देवाला काही प्रॉब्लेम नाही." देवाला नसेल, पूजा मला करायची होती!

पण तुला एक कधी बोलले नाही. मी त्या कोशाकडे रोज बघायला लागले. समईची वात सारखी करायच्या निमित्ताने, तू आंघोळीला गेलीस की. म्हटलं, आता पंखांचा रंग आतून दिसेल, तू सांगितलेलंस तसा. दिसला नाही. कोश काळपट झाला, त्याला एक भोक पडलं आणि भोकातून बाहेर आल्या मुंगीएवढ्या गांधीलमाश्या. एकामागून एक. गंधाच्या वाटीवर, निरांजनावर, माझ्या हातावर. मला बेसिनपर्यंतही पोचता आलं नाही. तू पाठीवरून हात फिरवत होतीस आणि मी ओरडत होते, "आयत्या बिळावर नागोबा मेले! तिने एवढं खाल्लं, एवढी कात टाकली, ती काय यांच्यासाठी?"

तू म्हणालीस, "त्यांनाही त्यांच्या आईने तिथेच ठेवलेलं, वहिनी. त्या तरी कुठे जाणार?"

तू असं बोलायचीस ना, तेव्हा मला तुझा राग यायचा. तुला कशाचंच वाईट कसं वाटत नाही? मग रात्रीचं जेवण झाल्यावर बघितलं, तू देव्हाऱ्याची ती चौकट पुसत होतीस आणि मधूनच डोळे. मी आले तशी म्हणालीस, कापराचा धूर गेला.

आपला मोठा वाद तो नव्हताच. मोठा वाद तो, जो आपण गॅलरीत भाजी निवडताना किती वेळा केला आणि कधी संपवला नाही. मी म्हणायचे, एवढी सगळी घाण का सहन करायची, तर शेवटी फुलपाखरू होतं म्हणून. तू चिडायचीस. शांत बाई तू, पण तिथे चिडायचीस.

"लोकांना अळी म्हणजे फुलपाखराची तयारी वाटते. वहिनी, अळी ही अळीच असते. खाते, वाढते, कात टाकते, मजेत असते. तिचं आयुष्य तेच. फुलपाखरू म्हणजे तिचं म्हातारपण. त्याला धड चावतासुद्धा येत नाही, नुसतं चोखायचं, जोडीदार बघायचा, अंडी घालायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पंखांच्या चिंध्या होऊन कुठेतरी पडायचं. त्याचे लोक फोटो काढतात."

मग तू सांगितलंस, तुमच्या आत्याबाई दर लग्नात तुला सगळ्यांदेखत म्हणायच्या, "काय गं, अजून कोशातच का? पंख कधी फुटायचे?" तू चाळिशीची होईपर्यंत म्हणायच्या. मी तिथेच असायचे शशी, वाढप करत. मीही हसायचे, सगळे हसायचे म्हणून. तू म्हणालीस, "मला नाही फुटले पंख. बिघडलं काय? नोकरी केली, नाटकं बघितली, पोटभर खाल्लं, माझ्या खोलीत पाय पसरून झोपले. कुणाची तयारी म्हणून नाही जगले मी." आणि टपाटपा मटार सोलायला लागलीस. मी म्हटलं, "बरं बाई, पण मग कशासाठी हे सगळं?" तू म्हणालीस, "कढीपत्त्यासाठी." पुढे कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले.

अशा बाईला तो माणूस माईक घेऊन सांगतो, फुलपाखरू होऊन उडाल्या! म्हणजे मेल्यावर तरी एकदाचे फुटले पंख, सुटली म्हणा आत्याबाईंच्या तावडीतून. थूः.

आता शेवटचं भांडण. माझ्या भाचीचं केळवण आपल्याकडे, मसालेभात आणि कढी. कढी उकळत आलेली आणि मी पानं तोडायला गॅलरीत गेले, तर तू अख्ख्या झाडाला जुनी मच्छरदाणी बांधून ठेवलेली. म्हणे बुलबुल अळ्या पळवतो, आणि प्रत्येक शेंड्याला अंडी आहेत, आज तोडू नकोस, खालून भाजीवाल्याकडून आण. माझ्या माहेरचं झाड दारात आणि मी बाजारातली पेंडी आणू? कढी तशीच वाढली. भाचीची होणारी सासू म्हणाली, "कढी छान आहे हो, पण काहीतरी कमी आहे." मी मेल्याहून मेले. सगळे गेल्यावर तुला म्हटलं, "माझं घर, माझं झाड. सेक्रेटरीला सांगून माळी बोलावते आणि मुळासकट उपटून टाकते." नुसतं म्हटलं नाही, तडक खाली जाऊन सांगून आले.

तू म्हणालीस, "काढ वहिनी. तुझंच आहे."

बस, एवढंच. भांडली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी माळ्याला नको म्हणून सांगितलं असतं, तुला माहीत होतं ते. पण तू 'काढ' म्हणालीस, चहाचा कप घेऊन आत गेलीस, आणि दोन दिवसांनी सकाळी पेपर मांडीवर ठेवून खुर्चीतच गेलीस. चष्मासुद्धा नाकावर तसाच. माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, शशी. कढीला कढीपत्ता लागतोच. पण असं अर्धवट भांडण टाकून उठून जायची ही कुठली रीत?

म्हणून मी दहाव्याला घाटावर आले. बायका जात नाहीत म्हणे. म्हटलं, मी जाणार. कल्याणला खाडीच्या काठी, त्या चिखलात, साडी वर धरून उभी राहिले. मनात एक वाक्य तयार ठेवलेलं. म्हटलं, पिंडाला कावळा शिवायचा नाही, सगळे एकमेकांकडे बघतील, तुझा दादा म्हणेल हिची काय इच्छा राहिली असेल, आणि मग मी पुढे होऊन सगळ्यांदेखत सांगेन, "शशी, कढीपत्ता काढणार नाही." आणि कावळा येईल. किती घरांत असंच झालेलं बघितलंय मी. लोक घर नावावर करीन म्हणतात, नातीचं लग्न लावीन म्हणतात, तेव्हा कुठे कावळा खाली उतरतो.

पिंड ठेवून भटजींचा हात मागे येतो न येतो तोच एक लठ्ठ कावळा झाडावरून थेट खाली आला, भातात चोच खुपसली आणि गिळायला लागला. लगेच दुसरा. सगळे म्हणाले, "शिवला, शिवला!" तुझ्या दादाने डोळे पुसले. कुणी म्हणालं, "सुटली हो, काही मागे राहिलं नाही तिचं." मी तोंड उघडून उभी. वाक्य तसंच घशात. असा संताप आला मला! काहीच राहिलं नाही? माझ्याकडून तुला काहीही नको होतं? आणि तो कावळा, पोट सुटलेला मेला, दिवसाला किती घरचे पिंड खात असेल, त्याला कुणाच्या इच्छेचं काय पडलंय. भाताची शितं चोचीला लागलेली. मला त्याच्याकडे बघवेना.

आम्ही सुतकात बसलो होतो तेव्हा आपल्या घरात फोडणी नव्हती. डबे बाहेरून यायचे. कढीपत्त्याला कुणी हात लावला नाही, मच्छरदाणी कुणी सोडली नाही. येणारेजाणारे हॉलमध्ये बसून तुझ्याविषयी हळू आवाजात बोलायचे आणि आत गॅलरीत तुझी अंडी फुटत होती. मला तिकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. खाऊन खाऊन हिरव्या झाल्या, जाळीवरच कोशात गेल्या. तेरावं झालं, शोकसभा झाली आणि पुढे एका सकाळी जाळीच्या आत एक काळं फुलपाखरू लटकलेलं, पंखांवर पांढरे ठिपके, अजून ओलं, चुरगळलेलं. मी जाळी सोडली. त्याने काय केलं असेल? तुझ्या दादाच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस पाण्याची पिचकारी मारली आणि निघून गेलं. पाठोपाठ बाकीची. त्यांचं आयुष्य किती ते तूच सांगून ठेवलेलंस, त्यामुळे आत्तापर्यंत कुठेतरी पडलीही असतील. सदऱ्याचा डाग निघत नाही. तो म्हणतो, राहू दे. पण पडण्याआधी त्यातली एक परत येऊन काम उरकून गेलेली. शेंड्यांवर पुन्हा मोहरीहून बारीक अंडी. तू गेल्याला धड एक ऋतूही झाला नाही आणि त्यांची एक अख्खी पिढी संपली. त्यांचं सुतक कोण पाळणार?

इकडे मुख्यमंत्र्यांनी तुझ्या नावाने फुलपाखरू उद्यान काढलं. हसू नकोस. पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा, प्लास्टिकची हिरवळ, शीळफाट्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलेल्या लाल-पिवळ्या फुलांच्या कुंड्या, कडेला लिंबाचं रोप आणि मध्ये पत्र्याचं हे एवढं गुलाबी फुलपाखरू, त्याला तुझ्यासारखा चष्मा! उद्घाटनाला नगरसेवक येणार. आणि परवा बेल वाजली. दारात सेक्रेटरी, मागे पाठीला फवारणीचा पंप लावलेला माणूस.

"काकू, उद्यानाच्या लिंबावर अळ्या झाल्यात. सगळी पानं खाल्ली. फार घाण दिसतं. त्या तुमच्या गॅलरीतून पसरतात, म्हणून म्हटलं इथूनच सुरुवात करू."

मी म्हटलं, "अरे, फुलपाखरांची बाग आणि अळ्या मारणार? मग फुलपाखरं येणार कुठून?"

"ती बाहेरून येतात ना, काकू."

त्याच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. पदवीधर आहे तो, मुलगा इंजिनीअर. बाहेरून येतात! जसं काही पाहुणे. जसं काही फुलपाखरं कुणाच्या पोटची नसतात, कुणाचंही झाड न खाता वरून आयती टपकतात, पुडीतून. मला त्याच्या स्वच्छ इस्त्रीच्या शर्टाची, त्या पंपाच्या वासाची, सगळ्याची जी किळस आली, तेवढी तुझ्या अळीने शिंग काढलं तरी येत नव्हती.

तो पुढे म्हणाला, "आणि तुम्हीच तर सांगितलेलं ना, कढीपत्ता काढायला माणूस पाठवा म्हणून. हाच काढून टाकेल."

सांगितलेलं. खरंच आहे. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "तेव्हा ती होती, भांडायला. आता मला भांडायला कुणी नाही, म्हणून तुझ्याशी भांडते. आत पाऊल टाकलंस तर तुझ्या उद्घाटनाला येईन आणि नगरसेवकासमोर माईक घेईन. मला येतं बोलता." पंपवाला बिचारा जिना उतरायलाही लागला. मग मुख्यमंत्रीही गेले. तुझा दादा आतून म्हणाला, "शशी असती तर एवढा आवाज चढवला नसता तिने." म्हटलं, म्हणून तर मला चढवावा लागतो.

पण भांडून पोट भरत नाही, अळ्यांचं तर नाहीच. झाड खराटा झालं. खालच्या काड्या तेवढ्या राहिल्या आणि बोटाएवढ्या हिरव्या सहा-सात जणी काड्यांवर माना वर करून बसलेल्या. बाजारातली पेंडी घालायची नाही, औषध मारलेलं असतं, मरतात, हे तू शिकवलेलं. अशा वेळी तू पिशवी घेऊन कुठे जायचीस ते मला माहीत होतं. रिकाम्या हाताने कधी आली नाहीस. मी नाक मुरडायचे, नोकरी केलेली बाई आणि अळ्यांसाठी दारोदार भीक मागते म्हणून. काल मी तीच पिशवी घेतली.

आपल्या बिल्डिंगमागच्या जुन्या गावात गेले. आगरी म्हातारीचं घर. तिच्या मुलांनी आता तीन मजली बंगला बांधलाय, पुढे दोन गाड्या, पण मागच्या बाजूला तिने आपली विहीर आणि कढीपत्त्याचं झाड ठेवलंय. ती पायरीवर बसलेली. माझ्या हातातली पिशवी तिने आधी ओळखली.

"काय गो बाय, अल्यांची बाय नाय आली?"

मी म्हटलं, "ती वारली. मी तिची भावजय."

म्हातारी उठली आणि आकडीने फांद्या ओढून मोडायला लागली. पिशवी भरली तरी मोडतच होती. म्हणाली, "तीच तू वैनी का? सांगायची ती. आमची वैनी जाम शिव्या देते, पन एक अली कदी मारली नाय तिनी." आणि पिशवी हातात देताना म्हणाली, "आनखी लागला त ये. झार काय पलून जात नाय."

शशी, हे तू मला का सांगितलं नाहीस? तिला सांगितलंस, परक्या बाईला, तिच्या विहिरीवर उभी राहून. मला तोंडावर एकदा म्हणाली असतीस तर काय माझे कान किडले असते? मी येताना रस्त्यात रडले. रिक्षावाला थांबून विचारतो, "काकू, कुठे सोडू?" त्याला काय सांगू!

आज सकाळी मी फांद्या पाण्याच्या बाटलीत उभ्या केल्या आणि एकेक अळी उचलून पानावर ठेवली. हाताने. काडीने नाही, त्या दचकतात. प्रत्येकीने शिंग काढलं. सगळ्या गॅलरीत ती घाण. अजूनही शहारा येतो, उगाच खोटं कशाला सांगू? गार, मऊ, बारीक पायांनी बोटाला धरून बसते, सोडत नाही. शी, शी, शी करत सगळ्या ठेवल्या. मग त्या खायला लागल्या. तू म्हणायचीस, कान दिलास तर चावण्याचा आवाज येतो. मी तुला वेडी म्हणायचे. येतो गं.

तेवढ्यात कठड्यावर कावळा येऊन बसला. मान वाकडी करून माझ्याकडे नाही, पानांकडे बघत होता. एक उडी मारून पुढे आला. मी हातातलं फडकं झटकलं, "हड्! चल हो!"

तुझा दादा चहा घेऊन आलेला, तो कळवळून म्हणाला, "अगं, हाकलू नकोस. एवढ्यात कावळ्याला हाकलू नये. शशी असेल."

मी म्हटलं, "शशी असती तर अळ्या खायला आली असती का?"

तो हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसता तिथेच स्टुलावर बसला आणि चहा गार होईपर्यंत रडला. कावळा तोवर समोरच्या ग्रिलवर जाऊन बसला होता आणि वाट बघत होता. घाटावरचा नसेल तो, पण सगळे तसलेच. मी कठड्याशी गेले आणि त्याला स्पष्ट सांगितलं, चार घरांना ऐकू जाईल असं.

"कढीपत्ता काढणार नाही. जा, सांग तिला."